मराठवाड्यातल्या डोंगरवाटांचे नकाशे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर पावसाळ्याच्या तोंडाशी आणि दिवाळीनंतर मोबाइलवर तेच ते प्रश्न येतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करत बसण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवलं आहे. प्रश्न आले तसेच ठेवले आहेत, फक्त एकसारखे एकत्र केले. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागत असेल तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मराठवाड्यातल्या ट्रेकचा तयार नकाशा कुठं विकत मिळतो?

अंतूर, सुतोंडा, वेताळवाडी, जंजाळा हे किल्ले, पितळखोऱ्याहून पाटणादेवीकडं उतरणारी वाट, हे सगळं एका कागदावर दाखवणारा, वाटांसकट भरवशाचा नकाशा माझ्या तरी हाती कधी लागला नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाला सह्याद्रीत जशी सवय असते तशी इथं ठेवू नका. इथं नकाशा जुळवावा लागतो. सर्वेक्षण विभागाचं पत्रक (प्रश्न २) खाली, उपग्रहाचं चित्र (प्रश्न ९) त्याच्यावर, आणि गावातल्या माणसाचं बोलणं (प्रश्न १२) सगळ्यात वर. तिन्ही जुळले की निघायचं. दोन जुळले आणि तिसरं आडवं गेलं, तर मी गावातल्या माणसाचं ऐकतो.

डोंगर म्हणाल तर मुख्य तीन पट्टे आहेत. उत्तरेला अजिंठ्याची रांग: खुलताबाद, कन्नड, सिल्लोड, सोयगाव. मध्ये बालाघाट: बीड आणि धाराशिवकडचे घाट, सौताडा, कपिलधार, येडशीचा रामलिंग घाट. आणि पूर्वेच्या टोकाला माहूर-किनवटचं जंगल. खालची बरीचशी उदाहरणं अजिंठ्याच्या रांगेतली आहेत, कारण माझे पाय तिथं जास्त झिजले.

२. टोपोशीट म्हणजे नेमकं काय? साध्या माणसाला मिळते का?

भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासून देशाची मोजणी करतो आहे. त्यांच्या नकाशाच्या एका पत्रकाला आपण टोपोशीट म्हणतो. आपल्या कामाचं माप १:५०,०००, म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर कागदावर २ सेंटिमीटर. उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा २० मीटरच्या अंतरानं असतात. एक पत्रक १५ कला बाय १५ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे आपल्या अक्षांशावर साधारण २६ किलोमीटर रुंद आणि पावणेअठ्ठावीस किलोमीटर उंच.

मिळते, आणि त्यासाठी कुणाची ओळख लागत नाही. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सामान्य लोकांसाठी 'खुली मालिका' निघाली. तिची १:५०,००० ची पत्रकं सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवून घेता येतात. "असले नकाशे जवळ ठेवले तर पोलीस धरतात" हे अजूनही कुणीतरी सांगतंच. पूर्वी सीमेजवळच्या आणि किनाऱ्याजवळच्या पत्रकांवर निर्बंध होते. मराठवाडा ना सीमेवर, ना समुद्रावर.

३. मला वेरूळ ते दौलताबाद डोंगरातून जायचं आहे. पत्रकाचा नंबर कसा काढू?

नेमका अडकवणारा प्रश्न विचारलात. जुन्या पद्धतीत देशाचे ४ अंश बाय ४ अंशाचे मोठे चौकोन पाडले आहेत. मराठवाडा ४६, ४७, ५५ आणि ५६ या चार चौकोनांच्या कोपऱ्यांवर बसला आहे. त्यांना विभागणाऱ्या रेघा म्हणजे २० अंश उत्तर अक्षांश आणि ७६ अंश पूर्व रेखांश. प्रत्येक मोठ्या चौकोनाचे १६ भाग, त्यांना ए ते पी अक्षरं. प्रत्येक अक्षराचे पुन्हा १६ भाग, १ ते १६. मोजायचं नेहमी वायव्य कोपऱ्यातून, वरून खाली, मग शेजारची उभी ओळ.

वेरूळ २० अंशाच्या जरा वर, दौलताबाद जरा खाली. म्हणून वेरूळ ४६ पी/४ मध्ये आणि दौलताबाद ४७ एम/१ मध्ये. दहा-बारा किलोमीटरच्या वाटेला दोन पत्रकं लागतात, आणि नंबरावरून ती शेजारी आहेत हे कुणाच्याही लक्षात येत नाही. अजिंठा लेणी ४६ पी/१० मध्ये, नळदुर्ग ५६ सी/५ मध्ये, माहूर ५६ ई/१३ मध्ये.

४. मग संकेतस्थळावर ४७ एम/१ टाकलं तर काहीच का येत नाही?

कारण खुल्या मालिकेचे नंबर वेगळे आहेत. सुरुवातीला अक्षांशाच्या पट्ट्याचं अक्षर (१६ ते २० अंश म्हणजे ई, २० ते २४ म्हणजे एफ), मग पट्टा क्रमांक ४३, मग अक्षर आणि अंक. दौलताबादचं ४७ एम/१ झालं ई ४३ एम १, वेरूळचं एफ ४३ पी ४. रेखांश ७६ च्या पश्चिमेला शेवटचं अक्षर आणि अंक जुनेच राहतात, त्यामुळं सोपं जातं. ७६ च्या पूर्वेला अक्षर बदलतं: माहूरचं ५६ ई/१३ नव्यात ई ४३ यू १३ होतं. डोकं चालवायचं नसेल तर संकेतस्थळावरच्या नकाशावर बोट ठेवून निवडा.

५. पत्रकावर लाल तुटक रेघ आहे. म्हणजे तिथं वाट आहे ना?

होती. सर्वेक्षण झालं त्या साली होती. ते साल पत्रकाच्या समासात छापलेलं असतं. आधी ते वाचा, मग रेघ.

वाट वापरानं जिवंत राहते. पूर्वी घाटाखालचा माणूस बाजाराला वर यायचा, बाया सरपणाला जायच्या, शे-दीडशे जनावरं एका सोंडेवरून चढायची. आता गॅस आला, जीप आली, जनावरं कमी झाली. अशा वाटा पाच-सात पावसाळ्यांत घाणेरी आणि करवंदीखाली जातात. सोयगाव तालुक्यात एकदा पत्रकावरची ठळक वाट धरून आम्ही निघालो आणि दोन तासांत चारशे मीटर सरकलो. शर्टाच्या बाह्यांच्या चिंध्या झाल्या. वाट होती, पायाखाली दगडांची ओळसुद्धा लागत होती. वर मात्र माणूस मावेल एवढी जागा नव्हती.

टिकून असतात त्या देवाच्या वाटा. जिथं डोंगरात महादेव आहे, दर्गा आहे, वर्षाला जत्रा भरते, तिथली रेघ बिनधास्त धरा. तशाच टिकतात तांड्यावरून गायरानात जाणाऱ्या ढोरवाटा. फक्त त्या जनावराच्या सोयीनं जातात, तुमच्या नाही; पठारावर पोचल्या की दहा फाटे फुटतात आणि सगळे गवतात विरतात.

जाता जाता: अंतूरच्या वाटेवर निजामशाही काळातला फारसी लेख कोरलेला दिशादर्शक दगडी खांब उभा आहे. कोणती वाट कुठं जाते ते त्याच्या बाजूंवर लिहिलेलं. रानात पाटी लावायची बुद्धी आपल्याकडं चारशे वर्षांपूर्वीची आहे, मध्येच कुठं गेली कोण जाणे.

६. समोच्च रेषा बघून उतार सोपा वाटला, प्रत्यक्षात समोर कडा आला. नकाशा चुकला का?

नकाशा बरोबर होता. आपला दगड समजून घ्यायला हवा. जवळपास सगळा मराठवाडा बेसाल्टचा, लाव्ह्याच्या थरांवर थर. कठीण थर उभा तुटतो, मऊ थर झिजून उताराचा होतो. म्हणून आपले डोंगर जिन्यासारखे: उतार, कडा, उतार, कडा.

आता २० मीटरचं अंतर आठवा. समजा एक रेषा ६४० ची, पुढची ६६० ची. मधला कडा १५ मीटरचा, ६४२ ते ६५७. तो दोन रेषांच्या मध्ये अख्खाच्या अख्खा लपतो. कागदावर दिसतो एकसारखा उतार, आणि तुम्ही उभे राहता पाच मजली भिंतीसमोर. चढताना हे कळलं तर माणूस परत फिरतो. उतरताना, संध्याकाळी, खालच्या गावातले दिवे दिसत असताना कळलं तर चुकीचे निर्णय होतात.

यावर तीन तोडगे. पहिला, पत्रकावर बारीक अंकापुढं रोमन 'आर' लिहिलेलं शोधा. '१२ आर' म्हणजे तिथं १२ मीटर उंचीचा कडा किंवा दरड; समुद्रसपाटीपासूनची नाही, जागेवरची उंची. लोक हा आकडा बघतच नाहीत. दुसरा, उपग्रहचित्रात सकाळच्या उन्हात कड्याची काळी सावली पडते. सोंडेला आडवी जाणारी काळी पट्टी दिसली की ती पायरी समजा. तिसरा, वाट कड्याला कुठं फोडते ते बघा. आपल्याकडं वाटा बहुतेक खिंडीतून, नळीतून किंवा सोंडेच्या नाकावरून वर घुसतात. पत्रकावरची वाट सरळ कड्यावर चढलेली दिसली तर तिथं कोरलेल्या पायऱ्या असतील, नाहीतर नकाशा काढणाऱ्याचा हात सरकला असेल.

मोबाइलमधल्या ॲपच्या समोच्च रेषांना तर हे दुप्पट लागू. त्या बहुतेक अवकाशातून मोजलेल्या उंचीवरून काढतात. २००० साली अवकाशयानातून रडारनं केलेल्या मोजणीचे साधारण ३० मीटरच्या चौकोनांचे आकडे त्यासाठी सर्रास वापरले जातात. अरुंद घळ त्यात गुळगुळीत होऊन जाते. वाघोरा नदी अजिंठ्याच्या लेण्यांपाशी कशी नालेसारखी वळते आणि कडे कसे उभे आहेत हे डोळ्यांनी बघितलं असेल, तर तीच जागा ॲपमध्ये उघडून बघा. फरक कळेल.

७. गूगल मॅप्स पुरत नाही का?

पायथ्याच्या गावापर्यंत पुरतं. त्यापुढं ते रस्ते शोधणारं साधन आहे, पायवाटा त्याला फारशा ठाऊक नाहीत. गडाच्या नावाची खूण एका जागी आणि गड दुसरीकडं, असंही घडतं. 'दिशा' दाबू नका. एका मित्राला त्यानं डोंगराच्या चुकीच्या अंगाला, खानदेशाच्या बाजूला नेऊन सोडलं होतं. सरळ रेषेत गड दीड किलोमीटर, मध्ये कडा.

८. मग कोणतं ॲप टाकू? आणि नेटवर मिळालेली ट्रॅकची फाईल भरवशाची का?

ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं कुठलंही, जे इंटरनेटशिवाय उघडतं. ऑसमअँड आणि ऑरगॅनिक मॅप्स दोन्ही चालतात. पहिल्यात सोयी जास्त, दुसरं सोपं. हा नकाशा २००४ पासून जगभरचे स्वयंसेवक भरतात, त्यामुळं जिथं कुणी भरलं तिथं उत्तम आणि जिथं नाही तिथं कोरं. देवगिरीच्या आसपास दाट, बालाघाटात मैलोन्‌मैल काही नाही. कोऱ्या जागेचा अर्थ 'वाट नाही' असा घेऊ नका. 'इथं अजून कुणी भरलं नाही' एवढाच.

जीपीएक्स किंवा केएमएल फाईल (कुणीतरी चालताना फोनमध्ये नोंदलेली वाट) मिळाली की नुसती उघडून चालायला लागू नका. आधी घरी तिची परीक्षा घ्या. दरीच्या या काठावरून त्या काठावर पट्टीनं मारल्यासारखी सरळ रेघ दिसली, तर त्या माणसाचा फोन मध्येच झोपला होता. तो उडत गेला नव्हता. एका जागी लोकरीच्या गुंड्यासारखा गुंता असेल तर तो तिथं जेवला किंवा वाट चुकला. गुंत्यातून दोन-तीन शेंड्या बाहेर जाऊन परतल्या असतील तर चुकला, हे नक्की. वेग बघता येत असेल तर बघा: तासाला ३० किलोमीटर म्हणजे तो भाग जीपमधला आहे. आणि महिना बघा. मार्चमध्ये केलेला ट्रॅक ऑगस्टमध्ये चालत नाही. मार्चमध्ये कोरडा असलेला ओढा त्याला फाईलमध्ये दिसलाच नाही, तुम्हाला मात्र मांडीपर्यंत लागेल.

९. उपग्रहाच्या चित्रावरून पायवाट ओळखता येते का?

येते, पण महिना साधावा लागतो. गूगल अर्थमध्ये जुनी चित्रं तारखेनुसार उघडता येतात. फेब्रुवारी ते मे मधलं चित्र शोधा. साग पानं गाळून उभा असतो, गवत पिवळं पडलेलं असतं, आणि पायानं उघडी पडलेली माती पांढुरक्या दोऱ्यासारखी चमकते. तोच डोंगर सप्टेंबरच्या चित्रात हिरव्या घोंगडीसारखा, काही दिसत नाही.

दोरा उतारावर नागमोडी असेल तर पायवाट, सरळ खाली असेल तर बहुतेक पाण्याची चर. पठारावर समांतर पाच-सहा दोरे म्हणजे ढोरवाट. आडवे, एकसारख्या अंतरावरचे, समोच्च रेषेसारखे दोरे दिसले तर ते पाणलोटाच्या कामाचे चर आहेत, त्यांना वाट समजून फसलेले बरेच आहेत. मीही. इस्रोचं भुवनही एकदा उघडून बघावं, तारीख वेगळी मिळाली तर ताडून बघता येतं.

१०. तलाठ्याकडचा गाव नकाशा कामाचा आहे का?

पायथ्यासाठी फार कामाचा, आणि कुणी वापरत नाही. गड चढायची वाट चुकण्याआधी माणूस गावाबाहेरच्या शेतांत चुकतो. गाव नकाशावर पायमार्ग एका तुटक रेघेनं दाखवतात, रुंदी सव्वाआठ फूट. गाडीमार्ग दोन तुटक रेघांनी, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. अशी रेघ असेल तर ती वहिवाटीची वाट आहे. शेतकऱ्यानं तूर पेरली असली तरी बांधावरून जायला तो सहसा नाही म्हणत नाही. नीट विचारलं तर. गटांच्या हद्दी 'महाभूनकाशा' या सरकारी संकेतस्थळावर दिसतात. डोंगर सुरू झाला की मात्र या नकाशाचं काम संपतं. वनखात्याची जमीन तिथं एकच मोठा गट म्हणून पडलेली असते.

११. निजामाच्या काळातले जुने नकाशे शोधावेत का?

हौस असेल तर जरूर. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि अजिंठ्याच्या डोंगराखाली उत्तरेला इंग्रजांचा खानदेश. म्हणून जुन्या पत्रकांवर या रांगेच्या बाजूनं संस्थानची सीमा धावते आणि घाट ठळक दिसतात. आज विसरलेल्या काही घाटवाटा फक्त तिथं सापडतात. अमेरिकी लष्करानं १९५० च्या दशकात छापलेली १:२,५०,००० ची पत्रकं टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयानं नेटवर मोफत ठेवली आहेत. माप लहान, पायवाटेला उपयोग कमी. रांगेचा अख्खा अंदाज घ्यायला झकास.

जुनी नावं लक्षात ठेवा. अंबाजोगाई तिथं मोमिनाबाद म्हणून भेटते. संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं २०२३ मध्ये अधिकृत झाली, त्यामुळं त्याआधीच्या कुठल्याही पत्रकावर औरंगाबाद आणि उस्मानाबादच शोधावं लागतं.

१२. गावात वाट विचारली तर प्रत्येक जण वेगळं सांगतो. कुणाचं ऐकायचं?

चूक बहुतेक वेळा विचारण्यात असते. "ही वाट गडावर जाते का?" असं विचारलं की उत्तर येतं, "जाते की!" पाहुण्याला नाही म्हणायचं कसं? त्यापेक्षा उत्तर 'हो-नाही'त संपणार नाही असं विचारा. "मामा, तुमची जनावरं वर कुठून चढतात?" "पावसात पण तिथूनच?" "शेवटचं कधी गेला होता वर?" पारावरच्या चार जणांपेक्षा एक गुराखी बरा, आणि सगळ्यात बरा मध काढणारा.

वेताळवाडीच्या बाजूला एका म्हाताऱ्या बाबांना मी पत्रक पसरून दाखवलं. त्यांनी कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. काठीनं धुळीत एक आडवी रेघ ओढली, "ही धार." तिला दोन उभ्या रेघा, "ह्या दोन नळ्या." डावीवर काठी टेकवली. "इकून बकरू जातंय, माणूस नाई." उजवीच्या मधोमध खडा ठेवला, "हितं मोहाचं झाड, हितून उजवं धरा." मग माझ्या पायांकडं बघून, "बूट चांगलेत, पण उतरताना सोंडेनं उतरा." पत्रकावर त्या दोन नळ्या मिळून एकच दिसत होत्या. मी धुळीतल्या नकाशाचा फोटो काढून ठेवला, तो अजून त्या गडाच्या फाईलमध्ये आहे.

अंतर विचाराल तर मिनिटांत विचारा, आणि उत्तराला दोननं गुणा. "हे काय, इथंच" म्हणजे चार किलोमीटरपर्यंत काहीही.

१३. किल्ल्याचं नाव पत्रकावर सापडतच नाही.

नाव वेगळं असेल. सुतोंड्याला नायगावचा किल्ला म्हणतात, वेताळवाडीला वाडीचा किल्ला. बऱ्याच ठिकाणी नुसतं रोमनमध्ये 'फोर्ट' एवढंच छापलेलं असतं. गडाऐवजी पायथ्याचं गाव शोधा, आणि बुद्रुक की खुर्द हे विचारून घ्या. नायगाव आणि वाडी या नावाची गावं तर तालुक्यागणिक आहेत. तालुका न बघता निघालेला माणूस बीडच्या मयूर अभयारण्याच्या नायगावात पोचू शकतो. तिथं मोर दिसतील, सुतोंड्याची टाकी नाही.

१४. पत्रकाची पीडीएफ मोबाइलवर उघडून त्यावर 'मी इथं आहे' असा ठिपका दिसेल का?

पीडीएफला जागेची माहिती जोडली असेल तरच. नसेल तर संगणकावर क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पत्रकाचे चार कोपरे अक्षांश-रेखांशांना बांधायचे. पहिल्या वेळी तास जातो, नंतर दहा मिनिटं.

इथं एक खाच आहे. जुनी पत्रकं (४६ पी, ४७ एम वगैरे) एव्हरेस्ट या जुन्या मापनपायावर (अक्षांश-रेखांश ज्या आधारानं मोजतात तो) आहेत. फोनचा जीपीएस आणि खुली मालिका डब्ल्यूजीएस ८४ वर. जुन्या पत्रकाला हे न सांगता बांधलं तर आपल्या भागात ठिपका शंभर मीटरच्या आसपास सरकतो. पठारावर याचं काही वाटत नाही. दोन शेजारच्या सोंडांमध्ये मात्र हा फरक 'वाट' आणि 'कडा' एवढा असतो. शक्य तिथं खुल्या मालिकेचंच पत्रक वापरा.

१५. डोंगरात रेंज नसते. जीपीएस चालेल का?

चालेल. जीपीएस सिग्नल उपग्रहाकडून येतो, टॉवरकडून नाही. नकाशा मात्र आधीच उतरवून ठेवलेला हवा. फोन विमान मोडवर टाका, बॅटरी दुप्पट टिकते. उंच कड्याच्या पायथ्याशी किंवा अरुंद नळीत ठिपका उड्या मारतो; तिथं थांबून वाट बघण्यापेक्षा उघड्यावर येईपर्यंत डोळे वापरा.

१६. छापील नकाशा न्यायचा तर प्रिंट कशी काढू?

'ॲक्च्युअल साइज' निवडा, 'फिट टू पेज' कधीच नाही. माझ्या हातून एकदा ए३ चा तुकडा ए४ वर 'फिट' होऊन निघाला. कागदावर १४ सेंटिमीटर मोजले, २ सेंटिमीटरला १ किलोमीटर धरून ७ म्हणालो. प्रत्यक्षात १० निघाले. शेवटची जीप गेली, रात्र तांड्यावरच्या शाळेच्या ओट्यावर काढली. प्रिंट हातात आली की आधी मापपट्टीवर फूटपट्टी ठेवून बघा.

खऱ्या मापात एका ए४ वर साधारण १० बाय १४ किलोमीटर बसतात, एका दिवसाच्या ट्रेकला पुरतं. अख्खं पत्रक हवं तर अभियांत्रिकी कॉलेजांबाहेरच्या झेरॉक्सवाल्यांकडं प्लॉटर असतो. होकायंत्र वापरत असाल तर आपल्याकडं चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, सोडून द्या.

१७. नकाशावर ओढा आणि टाकी आहेत. पाणी घरून कमी नेलं तर चालेल?

नाही. पत्रकावर बारमाही पाणी निळं आणि कोरडे ओढे काळ्या रेघेत असतात. काळी-पांढरी झेरॉक्स काढली की हा फरकच पुसला जातो. आणि निळं असलं तरी ते सर्वेक्षणाच्या वर्षातलं. सुतोंड्यावर कोरीव टाक्यांची रेलचेल आहे, पण कोणत्या टाक्यात कोणत्या महिन्यात पिण्याजोगं पाणी आहे हे फक्त पायथ्याचं गाव सांगतं. डिसेंबरनंतर माणशी चार लिटर घरूनच घ्या.

१८. वाट गौताळ्यातून जाते. नकाशा आहे, मग परवानगी कशाला?

गौताळा-औट्रमघाट हे १९८६ पासून अभयारण्य आहे, सुमारे २६० चौरस किलोमीटर, थोडं संभाजीनगर आणि थोडं जळगाव जिल्ह्यात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आत जायला वनखात्याची परवानगी लागते, आणि नकाशावर रेघ असणं म्हणजे परवानगी नव्हे. अभयारण्याची हद्द ओपनस्ट्रीटमॅपवर दिसते. पत्रकावरची राखीव जंगलाची हद्द वेगळी, दोन्ही एक समजू नका. नाक्यावर नोंद करा, कोणत्या वाटेनं जाणार ते सांगा. बिबट्या आहेच, आणि २०२१ मध्ये टिपेश्वरहून एक वाघ चालत इथं आला होता. १५ फेब्रुवारी ते १५ जून वणव्याचा हंगाम, तेव्हा चुलीचा विचारही नको. येडशी, नायगाव आणि पैनगंगा अभयारण्यांनाही हेच लागू.

१९. माहूरहून किनवटकडं जाताना जीपीएसचे आकडे एकदम बदलले. यंत्र बिघडलं?

नाही, तुम्ही ७८ अंश पूर्व रेखांश ओलांडला. यूटीएम म्हणजे पृथ्वीचे ६-६ अंशांचे उभे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत. जवळपास सगळा मराठवाडा तिच्या ४३ व्या पट्ट्यात येतो, माहूरसुद्धा. किनवट ४४ मध्ये. त्या रेघेवर पूर्वेचा आकडा सुमारे ८ लाख १४ हजारांवरून १ लाख ८६ हजारांवर उडी घेतो. त्या बाजूला चालताना यंत्र साध्या अक्षांश-रेखांशावर ठेवा, दशांशात. मदतीसाठी ११२ ला फोन करावा लागला तरी तेच आकडे वाचून दाखवता येतात.

२०. परदेशातल्या भावानं उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र दिलं आहे. नेऊ का?

नको. उपग्रह फोन आणि तसली संदेशयंत्रं आपल्याकडं परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे, आणि विमानतळावरच लोक अडकले आहेत. नुसता ठिकाण दाखवणारा साधा जीपीएस वेगळा, त्याला हरकत नाही.

२१. मी नवीन वाट शोधली. नकाशावर टाकू?

टाका, पण ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे सगळ्यांना मिळेल. स्वतः चाललेलीच टाका, दुसऱ्या नकाशावरून गिरवू नका. तसं गिरवणं ओपनस्ट्रीटमॅपच्या नियमांतही बसत नाही. वाट किती स्पष्ट दिसते याची नोंद करायची सोय आहे, ती भरा. पावसाळ्यात बंद होत असेल तर तेही लिहा.

तीन ठिकाणी मी हात आवरतो. कुणाच्या शेतातून मालकानं मला ओळखीनं जाऊ दिलं असेल तर ती रेघ माझ्यापुरती. गिधाडं किंवा घुबडं जिथं घरटं करतात त्या कड्याकडं जाणारी वाट नाही. आणि ज्या पडक्या गढीत, लेण्यात खजिन्याच्या नादानं खणलेले ताजे खड्डे दिसले, तिथलीही नाही. तशी एक जागा कन्नड तालुक्यात आहे. माझ्या वहीत तिच्यापुढं फक्त तारीख आणि मोहाच्या झाडाची खूण आहे, आणि कृपा करून ती कुठली हे विचारायला फोन करू नका.